रुळणे : जतच्या मुलांच्या पहिल्या वर्षाचा इतिहास

आमच्या जत भागात शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाविषयी एकच प्रश्न विचारला जातो. तो कोणत्या शाखेला आहे, पुढे काय होणार आहे, हे फारसे कुणी विचारत नाही. ‘पोरगा रुळला का?’ एवढेच विचारतात. रुळला असेल तर तो शिकणार, नसेल तर दिवाळीला वळकटी घेऊन परत येणार, हे सगळ्यांना ठाऊक असते. परत आलेल्या मुलाबद्दल मग गावात एकच निदान होते : पोराचा जीव लागला नाही, घरकोंबडा निघाला.

आम्हाला हे निदान कधीच पटले नाही. जतसारख्या कोरडवाहू, सीमेवरच्या तालुक्यातून मागच्या शंभर वर्षांत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला कोण टिकले आणि कोण परतले, हे नीट पाहिले तर त्यात मुलाच्या स्वभावाचा वाटा थोडा आणि सोयीचा वाटा फार मोठा दिसतो. झोपायला जागा, पोटाला भाकरी, कानाला कळेल अशी भाषा आणि दारात कुणी न अडवणारा कागद, या चार गोष्टी ज्याला मिळाल्या तो रुळला. मुसलमान मुलांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. आमच्या समाजाविषयी ‘यांना शिक्षणाची आवडच नाही’ असे जे सरसकट बोलले जाते, त्याचे उत्तरही या इतिहासातच आहे.

जत हे डफळे घराण्याचे संस्थान. आदिलशाहीच्या अखेरच्या काळात उदयाला आलेले आणि पुढे साताऱ्याच्या जहागिरींत मोडणारे. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतील इतर संस्थानांबरोबर ते मुंबई प्रांतात विलीन झाले. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्यात जत आले आणि १९६० साली त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. इंग्रजी अमदानीत संस्थानात मराठी शाळा होत्या, कानडी शाळा होत्या, इंग्रजी शिक्षणही होते. पण कॉलेज नव्हते. कॉलेज म्हणजे कोल्हापूर, पुणे किंवा मुंबई. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज १८८० सालचे. सांगलीजवळ विलिंग्डन कॉलेज निघाले ते १९१९ साली. जतहून कोल्हापूर सव्वाशे किलोमीटरच्या वर. विजापूर मात्र त्याच्या निम्म्यावर. गोलघुमटाच्या बाजूला जवळ आणि रंकाळ्याच्या बाजूला लांब अशी आमची जागा. संस्थानी काळातल्या मुलाचा प्रवास बैलगाडीने सुरू होई. १९२७ साली बार्शी लाइट रेल्वेचा छोटा रूळमार्ग मिरजेपर्यंत आला आणि त्यावर ‘जत रोड’ नावाचे स्टेशन झाले. नाव जतचे, स्टेशन मात्र गावापासून चांगलेच दूर! त्या ‘रोड’पर्यंत पोचायलाच अर्धा दिवस जाई.

कॉलेजात पोचल्यावर खरी परीक्षा सुरू होई. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा मुंबई विद्यापीठच घेई आणि मॅट्रिकनंतरच्या पहिल्या वर्षाला ‘प्रीव्हियस’ म्हणत. व्याख्याने इंग्रजीत, पुस्तके इंग्रजीत, उत्तरपत्रिका इंग्रजीत. गावाकडे ज्याला ‘इंग्रजी येते’ म्हणून मान होता तो मुलगा तासाला मागच्या बाकावर बसून पाटीसारखा कोरा राही. प्रीव्हियसला बसलेल्यांत नापास होणारे पुष्कळ असत. एकदा नापास झालेल्या खेड्यातल्या मुलाला दुसऱ्या वर्षाचा खर्च कोण देणार? ब्राह्मण, सरकारी नोकरदार आणि काही सधन घराण्यांच्या मुलांना शहरात मावशी-आत्याचे घर असे, नात्यातला कुणी वकील असे. मुलाणी, नदाफ, तांबोळी, अत्तार यांच्या मुलांचे शहरात कोण होते? फार तर बाजारात विड्याची पाने विकणारा एखादा मामू.

ही अडचण ज्या राजाने ओळखली तो जतचा नव्हता, कोल्हापूरचा होता. शाहू महाराजांनी फी माफ केली, शिष्यवृत्त्या दिल्या, हे सर्वांना माहीत आहे. आमच्या मते त्यांचे खरे शहाणपण याहून साधे होते. मुलगा शिकत नाही तो पुस्तकावाचून नव्हे, रात्री अंग टाकायला जागा नाही म्हणून, हे त्यांनी ओळखले. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी वसतिगृहांची रांगच कोल्हापुरात उभी राहिली. १९०६ साली मुसलमान समाजासाठी किंग एडवर्ड मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. महाराज स्वतः तिचे अध्यक्ष झाले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. दसरा चौकातली ती वास्तू आजही आहे. हिंदू राजा मुसलमानांच्या शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष होतो, याचे आज आपल्याला कौतुक वाटते. त्या काळच्या कोल्हापुरात मात्र ते कारभाराचे साधे काम म्हणूनच झाले असावे.

जातवार वसतिगृहे काढल्याबद्दल महाराजांवर टीका झाली आणि अजूनही होते. जातीजातींची वेगळी पंगत म्हणजे जात घट्ट करणे, असा तो आक्षेप. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्याच्या पंक्तीला दुसरा बसत नव्हता, त्याला आधी स्वतःची पंगत तरी मिळायला हवी होती. आणि बोर्डिंग वेगळे असले तरी वर्ग एकच होता. दिवसभर सगळी मुले एकाच राजाराम कॉलेजच्या बाकांवर बसत.

त्याच कॉलेजातली एक गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात दुसरी भाषा घ्यावी लागे. संस्कृत ज्याच्या घरात नाही त्याची तिथेच गाडी अडे. राजाराम कॉलेजात मुसलमान मुलाला फार्सी घेता येत असे आणि १९३० सालापासून डॉ. आ. ने. उपाध्ये यांच्याकडे अर्धमागधीही शिकता येत असे. फार्सी शिकवायला १९२८ ते १९३९ या काळात होते ते माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे आपले कवी माधव जूलियन! फार्सी-मराठी कोश करणारा, मराठीत गझल रुजवणारा हा ब्राह्मण प्राध्यापक मुसलमान पोरांना फार्सी शिकवीत होता. गंमत अशी की हेच गृहस्थ उत्तरायुष्यात भाषाशुद्धीचे कडवे पुरस्कर्ते झाले आणि मराठीतले फार्सी-अरबी शब्द वेचून बाहेर काढा म्हणू लागले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सकाळी वर्गात जे शब्द शिकवायचे तेच संध्याकाळी लेखातून हाकलायचे, हा खेळ त्यांच्या मुसलमान विद्यार्थ्यांना कसा वाटला असेल, हे आम्हाला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. पण त्या मुलांना कॉलेजात एक तास असा होता की जिथे त्यांच्या घरचा शब्द अशुद्ध ठरत नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलाला एवढा आधारही पुरतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव इथे घेतलेच पाहिजे. त्यांची स्वतःची विद्यार्थिदशा कोल्हापुरातल्या जैन बोर्डिंगात गेली. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. ज्याला स्वतःला असे बाहेर पडावे लागले त्या माणसाने १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह चालू केले की जिथे मराठा, महार, जैन, मुसलमान सगळी मुले एकत्र स्वयंपाक करून एकत्र जेवत. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले. १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. त्यात श्रम करा आणि शिका हे तत्त्व कॉलेजपर्यंत आले. खडी फोडणारा मुलगा बी.ए. होऊ लागला. शाहूंच्या वेगवेगळ्या पंगती भाऊरावांनी एक केल्या. पण पहिल्या पंगतीवाचून ही दुसरी पंगत बसली असती काय, याचा विचार टीकाकारांनी करावा.

स्वातंत्र्यानंतर चित्र भराभर बदलले. १९४९ साली पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि आमचा भाग मुंबईकडून पुण्याकडे गेला. १९५९च्या सुमारास आर्थिकदृष्ट्या मागासांना फी माफ करणारी ‘ई.बी.सी.’ सवलत आली. ज्याचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत त्याच्या मुलाला फी नाही. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि पाटणचे बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री, अशा दोघा सातारकरांचे हे काम. ई.बी.सी.मध्ये जात विचारत नसत, धर्म विचारत नसत, उत्पन्न विचारत. आमच्या पिढीतले कितीतरी मुसलमान पदवीधर या तीन अक्षरांवर शिकले. नंतर १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते झाले. इतिहासकार डॉ. आप्पासाहेब पवार पहिले कुलगुरू. सुरुवातीला चौतीस कॉलेजे आणि चौदा हजारांच्या आसपास विद्यार्थी. त्यांत बहुसंख्य घरांत कॉलेजचे तोंड पाहिलेला पहिलाच माणूस होता. पुण्याला ‘खेड्यातला’ म्हणून ओळखला जाणारा मुलगा इथे सगळ्यांसारखाच होता.

आम्ही या विद्यापीठाच्या पाचव्या वर्षातले विद्यार्थी. १९६७च्या जूनमध्ये जत तालुक्यातल्या पूर्व भागातून अकरावी मॅट्रिक होऊन कोल्हापूरला आलो. प्रीव्हियस हे नाव मागे पडून त्या पहिल्या वर्षाला ‘पी.डी.’, म्हणजे प्री-डिग्री म्हणू लागले होते. उमदी, संख, बिळूर, माडग्याळ या पट्ट्यातल्या मुसलमान मुलाच्या जिभेवर किती भाषा असतात ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. घरात दखनी : ‘नक्को’, ‘हौ’, ‘काइकू’. रस्त्यावर, शेतात, बाजारात कानडी. तलाठ्याकडे आणि शाळेत मराठी. मशिदीत अरबी, अर्थ न कळता. आणि आता कॉलेजात इंग्रजी. आम्ही वर्गात प्रश्नाचे उत्तर आधी कानडीत जुळवत असू, मग मराठीत आणून मग इंग्रजीत नेत असू; तोवर सर पुढच्या पानावर गेलेले असत. आमची मराठी ऐकून कोल्हापूरची मुले हसत. आमच्या ‘च’ला हसत, हेलाला हसत. याच्या उलट अनुभव शहरी सभ्य घरांत येई : ‘अरे वा, तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!’ मराठी मुसलमानाला हे वाक्य जन्मभर ऐकावे लागते. एकीकडे मराठी वाईट म्हणून हसू आणि दुसरीकडे मराठी चांगली म्हणून नवल, यांच्या मध्ये आमचे पहिले वर्ष गेले.

त्यात त्याच वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला. महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादावरच्या या अहवालात जत तालुक्यातील काही गावे म्हैसूर राज्याला द्यावीत असे म्हटले होते. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. कोल्हापूर तर पेटलेच. आम्हाला बोर्डिंगात आणि वर्गात विचारू लागले, ‘तुम्ही मग कानडी का मराठी?’ याचे उत्तर ‘दोन्ही, आणि वर दखनी’ असे होते, पण त्या दिवसांत हे उत्तर कुणाला नको होते.

पावसाचाही उल्लेख केला पाहिजे. जतला वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. कोल्हापुरात जून-जुलैत आभाळ उघडतच नाही. कपड्यांचे दोनच जोड, ते वाळत नाहीत, ओल्या पायजम्याने वर्गात बसायचे, सर्दी हटत नाही. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी हा आमचा खजिना. आमच्याकडची कडक भाकरी कोरड्या हवेत पंधरा-पंधरा दिवस टिकते. कोल्हापूरच्या दमट हवेत ती चार दिवसांत मऊ पडून बुरशी धरी. पुढे डब्याचा प्रश्न काही अंशी एसटीने सोडवला. आईने सकाळी डबा बांधून गावच्या गाडीत द्यायचा, मुलाने स्टँडवर जाऊन उतरवून घ्यायचा. महामंडळ विद्यार्थ्यांचे डबे फुकट नेत असे. सांगली-कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर दुपारी नावे लिहिलेल्या डब्यांची रांग लागे. पश्चिम महाराष्ट्राच्या शिक्षणाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी शिक्षणमहर्षींबरोबर त्या ड्रायव्हर-कंडक्टरांनाही एखादे पान द्यावे, असे आम्हाला वाटते. जतच्या पूर्वेकडच्या मुलांपर्यंत मात्र ती सोय पोचत नव्हती. गाडी बदलावी लागे आणि डबा बदलायला कुणी नसे.

डिसेंबरात रमजान आला. घराबाहेरचा पहिला रमजान. बोर्डिंगात आम्ही काही जण रोजे धरत होतो. पहाटे उठून रात्रीची भाकरी आणि चहा, एवढीच सहरी. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास जमीन हलू लागली. आम्ही जागे होतो, स्टोव्ह पेटलेला होता. आधी भांडी वाजली, मग कौले, मग भिंत. सहरीसाठी उठलेल्या आम्ही पोरांनीच आरडाओरड करून झोपलेल्यांना बाहेर काढले. कोयनेचा तो भूकंप. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली. कोल्हापुरात आमच्या वाट्याला भीतीच आली, पण ती चांगलीच आली. त्यानंतर कितीतरी रात्री शहर मैदानात झोपले. थंडीच्या दिवसांत उघड्यावर, एका सतरंजीवर जैन, लिंगायत, मराठा, मुसलमान अशी मुले. आजूबाजूच्या बायका येऊन चहा देत. पहाटे आम्ही सहरीला उठलो की शेजारच्या पेठेतली एक आजीही उठून आमच्यासाठी भाकरी भाजून आणी. ‘उपाशीपोटी दिसभर कसं रं ऱ्हाता लेकरांनो,’ म्हणे.

घरी पत्र टाकले. उत्तर आले ते दहा दिवसांनी, पोस्टकार्ड. अब्बा दखनीत सांगत आणि शाळेतले गुरुजी मराठीत लिहीत, त्यामुळे अब्बांची पत्रे फार औपचारिक असत. ‘भूकंपाचे वर्तमान समजले. तब्येतीस जपावे. अभ्यासात रुळलास किंवा कसे ते कळवावे.’ आम्ही रुळलो होतो. भूकंपाने जे केले ते सहा महिन्यांच्या तासांनी केले नव्हते. पण आमच्याबरोबर जत भागातून आलेल्यांपैकी दोघे ईदला गावी गेले ते परत आले नाहीत. त्यांतला एक आमच्याहून हुशार होता. तो खाजगी खोलीत राहत असे. खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे एकदम द्यावे लागत आणि मनीऑर्डर वेळेवर येत नसे. गावाने त्याला घरकोंबडा ठरवले. बोर्डिंगात जागा मिळाली असती तर तोही टिकला असता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

१९६९ साली बापूजी साळुंखे यांच्या स्वामी विवेकानंद शिक्षण संस्थेने जतमध्येच राजे रामराव महाविद्यालय सुरू केले. आमच्या लेखी जतच्या इतिहासातील ही फार महत्त्वाची घटना आहे. पहिले वर्ष आता घरची भाकरी खाऊन करता येऊ लागले. १९७२च्या दुष्काळात याची किंमत कळली. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोल गेली, घरदार खडी फोडायला गेले, रेशनवर मिलो आणि कामावर सुकडी. त्या वर्षी बाहेरगावी खोली घेऊन पोराला ठेवणे कुणाला शक्य होते? गावात कॉलेज होते म्हणून कित्येकांचे नाव पटावर राहिले.

मुसलमान मुलींसाठी तर गावातले कॉलेज म्हणजेच कॉलेज होते. मुलगी कोल्हापूरला बोर्डिंगात राहील ही कल्पना त्या काळी आमच्या समाजात कुणाच्या डोक्यात आली नसती. खरे म्हणजे मराठा, लिंगायत घरांतही आली नसती. ती सकाळी जाऊन दुपारी परत येऊ शकते, तर जाऊ दे, इथपर्यंत वडीलधारी आले. १९७५ साली दहावीची नवी परीक्षा आली आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजांत गेली. शिक्षणतज्ज्ञ या आकृतिबंधाच्या गुणदोषांवर वाद घालत बसले. आमच्या भागात त्याचा परिणाम वेगळाच झाला. पूर्वी सोळाव्या वर्षी घर सोडावे लागे, आता अठराव्या वर्षी. मोठ्या गावच्या हायस्कुलाला जोडूनच अकरावी-बारावी निघाली. घर सोडण्याचा धक्का दोन वर्षे पुढे गेला आणि तेवढ्यात पोर थोडे मोठे झाले.

नव्वदनंतर दुसऱ्या अडचणी आल्या. अभियांत्रिकी, फार्मसी, डी.एड. यांची कॉलेजे सांगली-मिरज-कोल्हापूरच्या आसपास उगवली आणि कॉलेजांपेक्षा खोल्यांचा धंदा मोठा झाला. ‘कॉट बेसिस’ हा शब्द खेड्यातल्या बापालाही ठाऊक झाला. १९९२-९३ नंतर मुसलमान मुलाला या धंद्यात एक नवीन वाक्य ऐकू येऊ लागले. खोली दाखवतात, भाडे ठरते, नाव विचारतात आणि मग ‘अहो, आत्ताच एक पार्टी येऊन गेली’. आमच्या मुलाच्या बाबतीत हे एका शहरात तीनदा झाले. चौथी खोली मिळाली ती एका निवृत्त लिंगायत शिक्षकाकडे. त्यांनी नाव विचारलेच नाही, ‘मांसाहार खोलीत करायचा नाही’ एवढे सांगितले. शाकाहारी घरमालकाची अट आणि नाव ऐकून दार लावणे यांतला फरक पहिल्या वर्षाच्या मुलाला बरोबर कळतो.

पूर्व जतच्या मुलांची भाषेची अडचण तर अजूनही तशीच आहे. सांगली जिल्हा परिषदेच्या कानडी शाळांत शिकलेले मूल दहावीनंतर मराठी किंवा इंग्रजी वर्गात येते तेव्हा ते आमच्या १९६७ सालातच येते. म्हणून कितीतरी मुले विजापूरचा रस्ता धरतात. मुलींसाठी २००३ पासून तिथे महिला विद्यापीठही आहे. २०२२च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा आठ-पंधरा दिवस दोन्हीकडचे पुढारी जतच्या पाण्यावर बोलले. कानडी शाळेतून आलेल्या मुलाने महाराष्ट्रात पदवीचे पहिले वर्ष कसे पार करावे, यावर कुणी बोलल्याचे आमच्या वाचनात नाही. एखादा तीन महिन्यांचा पूर्ववर्ग, दोन्ही भाषा जाणणारा एखादा शिक्षक, एवढेच लागते. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात आप्पासाहेब पवारांच्या नावाचे ‘कमवा आणि शिका’ विद्यार्थी भवन आहे. श्रमाची सोय करता येते तशी भाषेचीही करता येईल.

आता शेवटची अडचण, कागदाची. ई.बी.सी.च्या काळात उत्पन्नाचा दाखला पुरे. मंडलनंतर मुसलमानांमधल्या मागास जातींनाही सवलत मिळावी म्हणून शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चळवळ केली आणि १९९४ साली महाराष्ट्र शासनाने तसा निर्णय काढला. मुलाणी, नदाफ-पिंजारी, तांबोळी, अत्तार, बागवान अशा जाती इतर मागासवर्गात आल्या. २०१४ साली मुसलमानांना दिलेले पाच टक्क्यांचे आरक्षण उच्च न्यायालयाने शिक्षणापुरते चालू ठेवण्यास हरकत घेतली नव्हती. पण अध्यादेशाचा कायदा झाला नाही आणि ते त्याच वर्षी संपले. राहिला तो जातीचा दाखला. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. ती तारीख आली तेव्हा आम्ही पी.डी.च्या पहिल्या सत्रात होतो आणि आमच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जून महिना होता. म्हणजे पुरावा म्हणून दाखला अगदी वेळेतला आहे. फक्त त्यावर जातीच्या रकान्यात ‘मुसलमान’ लिहिले आहे.

हे एकट्या आमचे नाही. त्या काळच्या गुरुजींना मुसलमानाला जात असते हे लिहिण्यासारखे वाटले नाही आणि बापानेही सांगितले नाही, कारण तेव्हा त्याचा काही उपयोग नव्हता. २०२४च्या जुलैत शासनाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींसाठी. आमच्या नातीचा त्याच वर्षी पहिल्या वर्षाला प्रवेश झाला. मुलाणी यादीत असल्यामुळे तिला आर्थिक दुर्बल गटातून अर्ज करता येत नाही आणि मुलाणी असल्याचा जुना कागद नसल्यामुळे इतर मागासवर्गातूनही करता येत नाही. सवलत आहे, मुलगी आहे, गुण आहेत. रकान्यात शब्द नाही.

मग आम्ही शोधायला निघालो. आमच्या वडिलांचे शिक्षण झाले नव्हते. चुलत्याचे नाव संस्थानी काळातल्या शाळेच्या रजिस्टरात सापडले. रजिस्टर कानडीत आहे. त्यात त्याच्या नावापुढे ‘मुल्ला’ लिहिले आहे. आमच्याकडे कानडी बोलणारे मुलाण्याला मुल्लाच म्हणतात, हे जतमधले लहान मूलही सांगेल. संबंधित कचेरीत मात्र मुल्ला आणि मुलाणी हे एकच, याचा आणखी एक पुरावा मागितला आहे. आता इनामाचे जुने कागद काढले आहेत. ते मोडीत आहेत. मोडी वाचणारे एक वृद्ध गृहस्थ सांगलीला भेटले, त्यांच्याकडे आमच्या आधी तालुक्यातली अकरा घरे येऊन बसली आहेत. त्यांत तीन नदाफ, दोन तांबोळी आणि बाकीचे कुणबी नोंदी शोधणारे मराठे. सगळ्यांची पोरे पहिल्या वर्षालाच आहेत.